सेगेडच्या गल्लीतलं लाल तिखट

आधी रुमाल हाताशी ठेवा. दक्षिण हंगेरीतल्या सेगेड शहरात, तिसा नदीकाठी, 1890 च्या सुमारास उतरलात तुम्ही, आणि तेही ऐन मिरचीच्या सुगीत. आल्शोवारोश या शेतकरी वस्तीत वळलात की दोन्ही बाजूंच्या घरांवर वळचणीपासून खालपर्यंत मिरच्यांच्या माळाच माळा. त्यांच्या वर दर्शनी त्रिकोणात लाकडी पट्ट्या उगवत्या सूर्याच्या किरणांसारख्या बसवलेल्या. वारा सुटला की सुकत आलेल्या मिरच्यांतल्या बिया खुळखुळतात. उभे काय राहिलात? आत चला, कामाला हात कमी पडताहेत.

खोलीत रॉकेलचा दिवा, मधोमध मऊ पडलेल्या मिरच्यांचा ढीग, भोवती खेटून बसलेल्या बायका. दाराशी भरतकाम केलेल्या सपाता. घरची म्हातारी, जिला सगळे ‘नेनी’ म्हणजे मावशी म्हणतात, सरकून जागा करते आणि हातात सुरी देते. पोट चिरा. बिया वेगळ्या काढा. आता आतली फिकट शीर मुळापासून ओढा. अर्धी तुटली? पुन्हा! सगळा जाळ त्या शिरेतच आहे, आणि शहरातल्या गिऱ्हाइकाला रंग हवा, आग नको. पाल्फी बंधूंनी 1859 मध्ये शिरा काढलेल्या या सौम्य पुडीचा धंदा उभा केला आणि हे काम सेगेडच्या बायकांच्या बोटांवर आलं.

थोड्याच वेळात तुमची बोटं पेटतात. मग मनगटं. घशात खवखव, पाठोपाठ ठसका. डोळ्यांना हात लावू नका, सांगून ठेवतेय! पलीकडे तान्हं रडतंय, पण आई उठत नाही. या हातांनी लेकराला उचलायचं कसं? सासू त्याला छातीशी धरते. कुणी गाणं काढतं, ठसक्यानं तुटतं, दुसरी पुढची ओळ उचलते. दाराशी घुटमळणाऱ्या पोरांना पाहून मुली हसतात.

मिरची अमेरिकेची. आपल्याकडे ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरली, इथं तुर्कांच्या काळात पोचली. कांडपाचा ठसका तुमच्या ओळखीचा असेल, पण इथं तिखटातला तिखटपणा काढण्यासाठी हात भाजून घेतात. पुढे विसाव्या शतकात बिनतिखट वाण येईल आणि या सुऱ्या थांबतील. जगभर गेलेल्या त्या गोडसर लाल पुडीचं मोल मात्र या बायकांनी आधीच चुकवलेलं आहे, असं मला वाटतं.

बिया टाकू नका हं. त्या धुऊन जाळ उतरवायचा आणि पुन्हा पुडीत कांडायच्या. त्यांच्या तेलानंच लाली खुलते.

चला, जेवायला. अंगणात तिवईला टांगलेल्या कढईत कांदा आणि बारीक मासे शिजवून गाळलेल्या रश्शात नेनी लाल पूड सोडते आणि अख्ख्या अंगणाचा वास बदलतो. मग कार्प माशाचे तुकडे. डाव घालायचा नाही, मासा मोडतो. कढईच हलकेच झुलवायची. रस्सा दाट, लालभडक, चवीला जवळजवळ गोड. त्यात जाड पावाचा तुकडा बुडवा.

अहो, बोटं चाटू नका. चमचा घ्या!