मडगार्ड-लेपन (सुट्या संचातून जोडलेल्या मोटारीचे)

मोटारीच्या चाकावरील कमानीची आतली बाजू दगड, चिखल व पाणी यांच्या अखंड माऱ्यापासून सुरक्षित राहावी म्हणून तिच्यावर चढविण्यात येणारा लवचीक, जलाभेद्य थर, तसेच तो चढविण्याची क्रिया. कारखान्यातून परिपूर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या मोटारीवर हा संस्कार तेथेच झालेला असतो. परंतु सुट्या भागांचा संच आणून जी मोटार जोडली जाते तिच्या बाबतीत सर्व जोखीम जोडणाऱ्याच्या शिरावर येते, आणि बाहेरच्या रंगाच्या झळाळीत गुंतलेले त्याचे मन नेमके या अंधाऱ्या जागेकडे दुर्लक्ष करते.

सुट्या भागांतून मोटारी उभ्या करण्याची वहिवाट मुंबई इलाख्यास जुनी आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीस जोडणीचा कारखाना काढला. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी परदेशी संचांतून विलीज जीप जोडण्याचा उद्योग मुंबईत आरंभिला. पुढे गोव्याची ‘सॅन स्टॉर्म’ व अलिबागची ‘चिंकारा रोडस्टर’ या अल्प प्रमाणावर निघालेल्या मोटारींचे अंग पत्र्याचे नसून फायबरग्लासचे होते, आणि लेपनाच्या दृष्टीने हा भेद मूलगामी आहे.

दिंडोरी तालुक्यातील वणी हे सप्तशृंग गड व सापुतारा यांच्या वाटेवरील बाजारपेठेचे गाव. तेथील परिस्थिती पाहिली म्हणजे या कामाचे महत्त्व ध्यानात येते. पावसाळ्यात शेतरस्त्याची चिकट काळी माती कमानीच्या कोपऱ्यांत बसते व वरून वाळली तरी आतून दीर्घकाळ ओली राहते. उन्हाळ्यात बेसाल्टची खडी उडून रंगाचे टवके काढते. आणि द्राक्षबागांवर फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणातील मोरचूद किंवा पोटॅश खतातील क्लोराइड यांचा अंश त्या ओलाव्यात मिसळला, म्हणजे लोखंडाचे, आणि मोरचुदाने तर विशेषेकरून ॲल्युमिनियमचे, क्षरण झपाट्याने होते. गंजाची भीती केवळ कोकणच्या खाऱ्या हवेतच असते, हा घाटावरचा समज म्हणूनच सोडून दिला पाहिजे.

संचाची मोटार जोडणाऱ्यास एक मोठी सवलत मात्र लाभते: अंग चॅसीवर चढण्यापूर्वी ते उलटे करून, चाके व ब्रेक यांची अडचण नसताना, उजेडात काम करता येते, आणि ही संधी जोडणी झाल्यावर सहसा पुन्हा येत नाही. पत्र्यावरील तेलाचा अंश काढून, तो तारेच्या ब्रशाने व पॉलिशपेपरने घासून, उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचा द्राव लावावा आणि पृष्ठभाग धुऊन पुरता वाळल्यावर इपॉक्सी प्रायमर द्यावा. नुसत्या रेड ऑक्साइडवर भिस्त ठेवण्याची रीत सर्रास असली, तरी तो थर ओलाव्यास इपॉक्सीइतका दाद न देणारा नसतो. यानंतर वेल्डिंगचे सांधे सीलंटने बुजवावेत. कमानीची दुमडलेली कडा पुष्कळदा सर्वांआधी सडते, कारण तिच्या फटीत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही. जुन्या मडगार्डच्या या कडेवर बोट फिरविताच रंगाखाली खरखरीत फुगवटा लागला, तर आतला पत्रा गेला असे खुशाल समजावे.

लेपद्रव्यांत डांबरी, रबरी व पॉलियुरेथेनचे असे प्रकार प्रचलित आहेत. डांबरी लेप स्वस्त खरा; पण कालांतराने तो कडक होऊन भेगाळतो, सुटलेल्या पापुद्र्यामागे पाणी कोंडते आणि गंज दृष्टीआड वाढत राहतो; यास्तव गंजावरच फासलेला लेप उघड्या पत्र्यापेक्षाही घातक मानावा. एकच जाड थर देण्याऐवजी दोन-तीन पातळ थर, प्रत्येक वाळू देऊन, चढवावेत. जोडणी झालेल्या गाडीवर काम करताना ब्रेकच्या डिस्क व नळ्या, शॉकॲब्सॉर्बर, चाकांचे स्टड आणि विशेषतः पाण्याच्या निचऱ्याची भोके झाकण्याची खबरदारी घ्यावी. दोन घटकांच्या पॉलियुरेथेनमधील आयसोसायनेट फुप्फुसांस अपायकारक असल्याने योग्य मुखवट्यावाचून व मोकळ्या हवेवाचून ते फवारणे हा अक्षम्य निष्काळजीपणा होय.

फायबरग्लास गंजत नाही, तेव्हा त्यास लेप अनावश्यक, असा तर्क केला जातो; तो चुकीचा आहे. चाकाने उडविलेला खडा आतून आदळला की बाहेरच्या जेलकोटवर ताऱ्यासारख्या भेगा उमटतात. लवचीक थर हा आघात पचवितो. आतला खरखरीत भाग स्वच्छ करून, किंचित घासून लेप द्यावा, आणि त्यात बसविलेल्या लोखंडी पट्ट्या व बोल्ट यांना प्रायमर निराळा लावावा. तत्पूर्वी स्टिअरिंग दोन्ही टोकांस फिरवून व स्प्रिंग दाबून टायर कोठे घासतो हे तपासणे अगत्याचे, कारण अंतर कमी असल्यास तेथील लेप टिकणार नाही.

लेपाचा टिकाऊपणा देखभालीवर अवलंबून असतो. पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या पूजेसाठी गाडी धुतली जाते त्या वेळी, पाण्याची नळी कमानीच्या आत धरून साचलेली माती काढावी, बॅटरीच्या उजेडात कडा न् कडा पाहावी, आणि लेप सुटलेला आढळल्यास वरून ठिगळ न लावता तेवढा भाग पत्र्यापर्यंत खरवडून प्रायमरपासून नव्याने काम करावे.