ए-फोरचं पान आणि हातभर नाही, बोटभर पडदा

आजचा भाग मी एका जुन्या रागातून सुरू करतेय. कॉलेजात असताना एका शिष्यवृत्तीची सूचना व्हॉट्सॲपवर आली. पीडीएफ, दोन कॉलमांची. बसमध्ये उभ्या उभ्या उघडली, झूम केली आणि डावा कॉलम बोटाने सरकवत शेवटपर्यंत वाचला. उत्पन्नाचा दाखला चालू आर्थिक वर्षाचाच हवा, ही अट होती उजव्या कॉलमात. म्हणजे माझ्या पडद्याच्या बाहेर. मी आदल्या वर्षीचा जोडला आणि अर्ज बाद झाला. वडील काही बोलले नाहीत, पण त्या वर्षी धाकट्या बहिणीचा क्लास लागला नाही.

चूक माझीच होती. पण ही फाइल फोनवर अशी हटवादीपणे का वागते, हे मला शोधायचं होतं. आणि गंमत अशी की तो हट्टच तिचा मूळ गुण आहे!

१९८२ साली जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी झेरॉक्सचं संशोधन केंद्र सोडून ॲडोबी कंपनी काढली. त्यांची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा प्रिंटरला पान कसं छापायचं ते सांगायची. तेव्हाचं दुखणं वेगळंच होतं. एका कॉम्प्युटरवर केलेलं पत्र दुसऱ्यावर उघडलं की फॉन्ट गायब, ओळी इकडच्या तिकडे. १९९१ मध्ये वॉर्नॉक यांनी यावर एक टिपण लिहिलं. प्रकल्पाचं नाव कॅमलॉट, राजा आर्थरच्या दंतकथेतल्या किल्ल्याचं. कल्पना साधी: कागदपत्र कुठेही पाठवा, कुठल्याही मशीनवर बघा, पान हुबेहूब तेच दिसलं पाहिजे. १९९३ मध्ये पीडीएफ बाजारात आली. सुरुवातीला ती वाचायचं सॉफ्टवेअरसुद्धा विकत घ्यावं लागायचं, त्यामुळे फारसं कुणी विचारलं नाही. पुढे ते फुकट झालं, अमेरिकेच्या कर खात्याने आपले फॉर्म पीडीएफमध्ये दिले, आणि २००८ मध्ये तर ती आंतरराष्ट्रीय आयएसओ मानकच बनली.

आता आत डोकावून बघू. साध्या पीडीएफला परिच्छेद म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. तिच्यात एवढंच लिहिलेलं असतं की हे अक्षर डावीकडून इतक्या आणि खालून इतक्या अंतरावर ठेव. मोजमाप पॉइंटात, एका इंचाचे ७२. ए-फोर पान २१० मिलिमीटर रुंद, आपला फोन साधारण ७०. म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं होऊन समोर येतं. औषधाच्या पट्टीमागची अक्षरं आठवा! २००१ पासून फाइलमध्ये शीर्षक, परिच्छेद, वाचायचा क्रम अशा खुणा घालायची सोय आहे. पण त्या घालतो कोण? टायपिंगवाला फाइल बनवतो आणि मोकळा होतो.

ई-रीडरवाल्यांनाही हे जड गेलं. २००७ च्या पहिल्या किंडलचा पडदा ६ इंचांचा. २००९ मध्ये किंडल डीएक्स आलं, थेट पीडीएफ उघडणारं, पण पडदा किती? ९.७ इंच. फाइल वाकेना, म्हणून यंत्रच मोठं केलं! त्याच सुमारास आलेल्या ईपबचं उलट आहे. तिथे मजकूर पाण्यासारखा, भांडं बदललं की आकार बदलतो.

आपल्या मराठीची अडचण तर दुहेरी. जुनी डीटीपीची कामं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात झाली. त्यात पडद्यावर ‘शाळा’ दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. कॉपी करून बघा, नुसता कचरा येतो. मग मजकूर फोनच्या मापाने वळवायला जावं तर तोच कचरा वळतो. युनिकोडमध्येही पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढली जाते, म्हणून बाहेर काढताना कधी कधी ती भलत्याच अक्षराला चिकटते. आणि स्कॅन केलेली जुनी पुस्तकं? ती तर निव्वळ फोटो.

मला खरा उपयोग झाला तो केटूपीडीएफऑप्ट या फुकट प्रोग्रामचा. तो भाषेच्या भानगडीतच पडत नाही. पानाकडे चित्र म्हणून बघतो, कॉलम वेगळे करतो, शब्दांमधली मोकळी जागा हेरून तुकडे कापतो आणि अरुंद पानावर पुन्हा मांडतो. शिरोरेघ तुटली तरी ती दोन शब्दांच्या मध्येच, म्हणून मराठी पुस्तकंही बऱ्यापैकी वाचता येतात. तक्ते आणि गणितं मात्र विस्कटतात, तिथे फोन आडवा धरून समास कापलेलेच बरे. केओरीडर ॲपमध्ये ही दोन्ही कामं होतात.

ती सूचना अजून माझ्याकडे आहे. हा भाग लिहिताना ती त्यातून काढून पाहिली. अट दुसऱ्या पानावर, उजवीकडे, वरून तिसरी ओळ. ठळक अक्षरात.

चला, भेटू पुढच्या भागात.