शिराकावा-गो: बसने एका दिवसात पाहता येणारी जपानी डोंगरगावं आजवर टिकली कशी?

बर्फाने झाकलेली उंच गवती छपरं, खिडक्यांमधून येणारा पिवळसर उजेड आणि मागे डोंगर. जपानमधला हा फोटो तुमच्या फीडवर कधी ना कधी येऊन गेला असेल. अनेकांना तो एखाद्या ॲनिमे चित्रपटाचा सेट वाटतो. पण हे खरं गाव आहे. या घरांमध्ये आजही कुटुंबं राहतात, अंगणात कपडे वाळत घालतात आणि घरासमोरच्या खाचरात भात लावतात.

या गावाचं नाव ओगिमाची. ते जपानच्या गिफू प्रांतातल्या शिराकावा-गो भागात आहे. शेजारच्या तोयामा प्रांतातल्या गोकायामा भागात आइनोकुरा आणि सुगानुमा ही अशीच दोन छोटी गावं आहेत. 1995 मध्ये युनेस्कोने या तिन्ही गावांना मिळून जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला.

छपरं इतकी उंच का?

या बांधणीला जपानीत ‘गाश्शो-झुकुरी’ म्हणतात. गाश्शो म्हणजे नमस्कारासाठी जोडलेले हात. समोरून पाहिलं की छपराचा आकार तसाच दिसतो.

हा आकार शोभेसाठी निवडलेला नाही. या खोऱ्यात हिवाळ्यात माणसाच्या उंचीहून जास्त बर्फ साचू शकतो. छप्पर सपाट असेल तर त्या वजनाने घर बसेल. म्हणून छपराचा उतार साधारण 60 अंशांपर्यंत तीव्र ठेवला जातो. छपराच्या सांगाड्याला लोखंडी खिळे मारत नाहीत. लाकडं दोरांनी आणि झाडाच्या लवचिक फांद्यांनी बांधलेली असतात. त्यामुळे वारा आणि बर्फाचा भार आला तरी सांगाडा थोडा वाकतो, मोडत नाही.

ओगिमाचीतल्या बहुतेक घरांची दिशाही सारखी आहे. छपराचा कणा उत्तर-दक्षिण असल्यामुळे दोन्ही उतारांना ऊन मिळतं. बर्फ लवकर वितळतो आणि गवत वाळतं.

वरच्या माळ्यावर काय चालायचं?

डोंगरात शेतजमीन कमी. त्यामुळे इथल्या लोकांनी घराचाच कारखाना केला. छपराखाली दोन-तीन माळे काढून तिथे रेशीमकिडे पाळले जायचे. खाली पेटलेल्या ‘इरोरी’ या चुलीची ऊब वर पोहोचायची. तिच्या धुरामुळे गवताला कीड लागत नसे.

जमिनीखाली वेगळाच उद्योग होता. चुलीजवळच्या खड्ड्यात माती, वनस्पती आणि रेशीमकिड्यांची विष्ठा कुजवून त्यापासून सोरा तयार केला जायचा. सोरा हा बंदुकीच्या दारूतला मुख्य घटक. गोकायामातला सोरा कानाझावाहून कारभार चालवणाऱ्या कागा संस्थानाकडे जायचा. पुढे परदेशातून स्वस्त सोरा येऊ लागला आणि हा धंदा बंद पडला.

ओगिमाचीतलं ‘वादा हाउस’ आतून पाहता येतं. वादा कुटुंबाकडे गावाचं मुखियापद आणि सोऱ्याचा व्यापार होता. आजही हे कुटुंब घराच्या एका भागात राहतं.

मग ही घरं वाचली कशी?

गवती छप्पर साधारण 30 ते 40 वर्षांनी नव्याने शाकारावं लागतं. हे एका कुटुंबाच्या आवाक्यातलं काम नाही. त्यासाठी इथे ‘युई’ नावाची पद्धत आहे. आज सगळ्यांनी तुझ्या घरी राबायचं, उद्या तू त्यांच्या घरी. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही, कारण आपल्याकडची सावड हीच. पूर्वी शंभर-दोनशे माणसं एकत्र यायची आणि छपराची एक बाजू एका दिवसात शाकारून व्हायची. कोणी किती पेंढ्या दिल्या, किती माणसं पाठवली याची नोंद ठेवली जायची.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र पालटलं. शो नदीवर धरणं झाली. 1961 मध्ये पूर्ण झालेल्या मिबोरो धरणात वरच्या भागातल्या वस्त्या बुडाल्या. तरुण शहरांकडे गेले. कितीतरी घरं विकली गेली, तर काही उचलून दुसरीकडे नेऊन हॉटेलं म्हणून उभी केली गेली.

1971 मध्ये ओगिमाचीच्या रहिवाशांनी एकत्र येऊन तीन नियम ठरवले: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. 1976 मध्ये जपान सरकारने गावाला संरक्षित दर्जा दिला. युनेस्कोची मोहोर त्यानंतर 19 वर्षांनी उमटली. म्हणजे घरं वाचवायचा निर्णय आधी गावाने घेतला.

बसने कसं जायचं?

ओगिमाचीला रेल्वे नाही, त्यामुळे बस हाच मुख्य पर्याय आहे.

- ताकायामाहून: सुमारे 50 मिनिटं. सर्वात सोयीचा मार्ग.
- कानाझावाहून: साधारण सव्वा तास. सकाळी कानाझावाहून निघून शिराकावा-गो पाहायचं आणि संध्याकाळी ताकायामाला मुक्काम करायचा, असंही अनेक जण करतात.
- ताकाओकाहून: ‘वर्ल्ड हेरिटेज बस’ आइनोकुरा आणि सुगानुमावरून ओगिमाचीला जाते. तिन्ही गावं पाहायची असतील तर ही बस घ्या. मात्र दिवसभरात फेऱ्या मोजक्याच असतात, त्यामुळे एक बस चुकली तर पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं.

काही फेऱ्यांना आरक्षण लागतं, ते आधी तपासा. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्याबरोबर पाहून ठेवा. ओगिमाचीसाठी तीन-चार तास पुरतात. त्यात वादा हाउस आणि गावावरच्या शिरोयामा टेकडीवरून दिसणारं दृश्य आरामात होतं. तो प्रसिद्ध फोटो बहुतेक वेळा याच टेकडीवरून काढलेला असतो. गर्दी नको असेल तर सुगानुमाला जा. तिथे गाश्शो पद्धतीची घरं फक्त नऊ आहेत.

हिवाळ्यात ठरावीक संध्याकाळी गाव दिव्यांनी उजळतं. 2019 पासून त्यासाठी आगाऊ नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी न करता त्या संध्याकाळी गेलात तर प्रवेश मिळणार नाही.

एका दिवसाच्या पाहुण्यांची अडचण काय?

शिराकावा गावाची लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास आहे. कोरोनापूर्वी इथे वर्षाला दहा लाखांहून जास्त पर्यटक येत होते. 2008 मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण झाला, तसं येणं सोपं झालं आणि सकाळी येऊन दुपारी परतणारे वाढले. रस्ते, कचरा आणि गोंगाट यांचा ताण गावावर पडतो, पण मुक्काम न करणारा पाहुणा गावात फारसा खर्च करत नाही.

युईलाही माणसं कमी पडतात. आता शाकारणीचं बरंचसं काम व्यावसायिक कारागिरांकडून करून घ्यावं लागतं.

सगळ्यात मोठी भीती आगीची. वाळलेलं गवत आणि शेकडो वर्षांचं लाकूड पेटायला एक ठिणगी पुरते. म्हणून गावभर पाण्याच्या तोफा बसवल्या आहेत आणि दरवर्षी शरद ऋतूत त्यांची चाचणी होते. घरांवर एकाच वेळी उडणारी कारंजी व्हिडिओत छान दिसतात, पण ती आगीच्या तयारीची कवायत असते. नोव्हेंबर 2019 मध्ये गावच्या वाहनतळाजवळच्या दोन शेड जळाल्या, तेव्हा या तोफा प्रत्यक्ष वापरल्या गेल्या.

जाताना हे लक्षात ठेवा

- सिगारेट ठरवून दिलेल्या जागीच ओढा. फटाके किंवा उघडी आग अजिबात नको.
- पाटी नसलेलं घर खाजगी समजा. खिडकीतून डोकावू नका, अंगणात शिरू नका.
- फोटोसाठी भाताच्या खाचरात किंवा बांधावर उतरू नका.
- कचरा सोबत परत न्या.
- जेवण, चहा किंवा एखादी वस्तू गावातच घ्या. जमलं तर एक रात्र गाश्शो घरातल्या ‘मिनशुकु’मध्ये, म्हणजे घरगुती निवासात राहा. शेवटची बस गेल्यावरचं शांत गावही त्यामुळे पाहायला मिळेल.