भौगोलिक प्रोफाइलिंग

एकाच अनोळखी व्यक्तीने केलेल्या गुन्ह्यांच्या मालिकेतील घटनास्थळे नकाशावर मांडून, त्या व्यक्तीचे घर, कामाचे ठिकाण किंवा नेहमीचा वावर कोणत्या भागात असण्याची शक्यता अधिक आहे, याचा अंदाज बांधणारी गुन्हेशास्त्रातील तपासपद्धती. खून, जाळपोळ आणि घरफोडी यांच्या तपासातही ती वापरली जाते. तथापि तिची जडणघडण बऱ्याच अंशी अनोळखी स्त्रियांवर एकामागून एक लैंगिक अत्याचार करणाऱ्या गुन्हेगारांच्या अभ्यासातून झाली. ही पद्धत गुन्हेगाराचे नाव सांगत नाही आणि तिचा निष्कर्ष हा दोषसिद्धीचा पुरावाही नव्हे. शेकडो किंवा हजारो संशयितांच्या यादीतील कोणाची चौकशी आधी करावी, एवढाच क्रम ती तपास अधिकाऱ्याला लावून देते.

या पद्धतीचा सैद्धांतिक पाया कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठातील पॉल आणि पॅट्रिशिया ब्रँटिंगहॅम या दांपत्याने घातला. गुन्हेगारही इतर नागरिकांप्रमाणेच घर, नोकरी, बाजार आणि ओळखीचे रस्ते यांच्या चौकटीत जगतो, त्यामुळे त्याच्या मनातील परिसराचा नकाशा या दैनंदिन वावरातून तयार होतो आणि गुन्ह्याची संधीही तो बहुधा त्याच परिसरात शोधतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. यातून दोन नियम पुढे आले. घरापासूनचे अंतर वाढत जाते तसतसे गुन्ह्यांचे प्रमाण घटत जाते, हा पहिला. आणि घराच्या अगदी लगत ओळखले जाण्याची भीती असल्याने तेथे गुन्हे कमी आढळतात, म्हणजेच घराभोवती एक टाळलेला पट्टा राहतो, हा दुसरा. पहिल्या नियमाला संशोधनाचा भरपूर आधार मिळाला आहे. दुसऱ्याबाबत तसे म्हणता येत नाही.

प्रत्यक्ष तपासात या विचाराची चाहूल 1980 च्या अखेरीस इंग्लंडमध्ये लागली. ‘यॉर्कशायर रिपर’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या खुन्याचा शोध पोलीस एका बनावट ध्वनिफितीतील बोलीवरून भलत्याच प्रदेशात घेत असताना, न्यायवैद्यक शास्त्रज्ञ स्टुअर्ट काइंड यांनी हल्ल्यांच्या ठिकाणांचा मध्यबिंदू काढून खुनी ब्रॅडफर्ड परिसरात राहत असावा, असे सुचविले. जानेवारी 1981 मध्ये पकडला गेलेला पीटर सटक्लिफ ब्रॅडफर्डचाच रहिवासी निघाला आणि पोलिसांनी तोपर्यंत त्याची नऊ वेळा चौकशी केलेली होती. माहितीचा तुटवडा नव्हता, ती हाताने लिहिलेल्या कार्डांच्या ढिगात हरवली होती. ब्रिटिश पोलिसांनी पुढे मोठ्या तपासांसाठी ‘होम्स’ ही संगणकप्रणाली उभारली ती याच अनुभवातून.

लंडनमधील ‘रेल्वे रेपिस्ट’ प्रकरणाने या पद्धतीला खरी मान्यता मिळवून दिली. 1982 पासून शहराच्या उत्तर भागात रेल्वे स्थानकांच्या आसपास स्त्रियांवर अत्याचार होत होते आणि 1985 च्या अखेरीपासून त्यांना खुनांचीही जोड मिळाली. पोलिसांकडे सुमारे 2,000 संशयितांची यादी होती. सर्रे विद्यापीठातील पर्यावरणीय मानसशास्त्राचे अभ्यासक डेव्हिड कँटर यांनी घटनास्थळे वर्षवार पारदर्शक कागदांवर उतरवून ते कागद एकमेकांवर ठेवले, तेव्हा आरंभीचे गुन्हे एका लहान भागात दाटलेले आणि नंतरचे दूरवर पसरत गेलेले दिसले. गुन्हेगार आरंभी घराजवळ धाडस करतो आणि सराव झाल्यावर दूर जातो, या तर्काने कँटर यांनी किलबर्न परिसराकडे बोट दाखविले. रेल्वेची माहिती आणि अपत्यहीन, कलहग्रस्त वैवाहिक जीवन हे तपशीलही त्यांनी जोडले. यादीत बराच खाली, 1,505 व्या क्रमांकावर असलेला जॉन डफी हा रेल्वेतील माजी सुतार या वर्णनाशी जुळला, त्याच्यावर पाळत ठेवण्यात आली आणि नोव्हेंबर 1986 मध्ये त्याला अटक झाली. या यशाचे गोडवे गाताना एक गोष्ट सहसा झाकली जाते: आरंभीच्या अनेक गुन्ह्यांत दोन पुरुष होते, हे पीडितांच्या जबाबांवरून ज्ञात असूनही डफीचा साथीदार डेव्हिड मल्काही याला 2001 पर्यंत शिक्षा झाली नाही.

कँटर आणि पॉल लार्किन यांनी 1993 मध्ये इंग्लंडमधील 45 मालिका-बलात्काऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकांपासून सर्वांत दूर असलेल्या दोन घटनास्थळांमधील अंतर हा व्यास मानून वर्तुळ काढले असता 87 टक्के गुन्हेगारांचे निवासस्थान त्या वर्तुळात आढळले. अशा गुन्हेगाराला ‘घराभोवती हिंडणारा’ आणि ज्याचे घर वर्तुळाबाहेर असते त्याला ‘बाहेरून येणारा’ म्हणतात. हे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. शहराची रचना, वाहनाची सोय आणि वस्तीची दाटी यांनुसार ते बदलते, आणि वर्तुळ खूप मोठे असेल तर त्यात घर आहे या माहितीचा पोलिसांना फारसा उपयोग होत नाही.

ब्रँटिंगहॅम यांचे विद्यार्थी आणि व्हँकुव्हर पोलीस दलातील अधिकारी किम रोस्मो यांनी 1995 च्या आपल्या प्रबंधात वरील दोन नियमांना गणिती रूप दिले. त्यांची ‘रायजेल’ ही संगणकप्रणाली नकाशाचे बारीक चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनापासून सर्व घटनास्थळांपर्यंतचे अंतर मोजते आणि तेथे गुन्हेगाराचा तळ असण्याच्या शक्यतेनुसार त्याला गुण देते. मात्र त्यासाठी निदान पाच घटनास्थळे हाती असावी लागतात, गुन्हेगाराने मधल्या काळात घर बदललेले नसावे लागते आणि तो बाहेरून येणारा नसावा लागतो. दुसऱ्या अटीचे महत्त्व अमेरिकेतील लुइझियाना राज्यातील लाफायेट शहराच्या प्रकरणातून कळते. तेथे बरीच वर्षे चाललेल्या बलात्कारांच्या मालिकेसाठी रोस्मो यांनी 1998 मध्ये नकाशा तयार केला. पुढे खबर मिळालेला संशयित शेरीफ कार्यालयातीलच अधिकारी होता आणि त्याचे तेव्हाचे घर दर्शविलेल्या भागाबाहेर होते. परंतु गुन्हे घडले त्या काळातील त्याचा पत्ता तपासला असता तो नेमका त्या भागात निघाला. डीएनए चाचणीने पुढचे काम केले.

नकाशा काढण्यापूर्वी ते गुन्हे एकाच व्यक्तीचे आहेत हे ठरवावे लागते आणि पद्धतीची खरी कसोटी येथेच लागते. डीएनए नसेल तेव्हा गुन्हेगाराचे बोलणे, पीडितेशी जवळीक साधण्याची रीत, धाक दाखविण्याचा प्रकार आणि पुरावा नष्ट करण्याची खबरदारी यांतील साम्य पाहिले जाते. याला गुन्हेजोडणी म्हणतात. तीत गुन्हेगाराच्या वर्तनातील सातत्य आणि इतरांपेक्षा असलेले वेगळेपण, या दोन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. कॅनडाच्या पोलिसांनी यासाठी ‘व्हिक्लास’ ही माहितीसंचयप्रणाली उभारली. टोरांटोच्या स्कारबरो भागातील बलात्कारी पॉल बर्नार्डो याचे नमुने 1990 मध्ये घेतले गेले, पण त्यांची डीएनए तपासणी 1993 मध्ये पूर्ण झाली आणि दरम्यान त्याने खूनही केले. न्यायमूर्ती आर्ची कँबेल यांच्या 1996 च्या अहवालाने पोलीस दलांतील असमन्वयावर बोट ठेवल्यानंतर व्हिक्लासचा वापर अधिक सक्तीचा झाला.

या पद्धतीवरील आक्षेप गंभीर आहेत. ब्रेंट स्नूक आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवून दिले की, एखादा सोपा नियम समजावून दिलेली सामान्य माणसे संगणकाइतकाच अचूक अंदाज बांधू शकतात. अमेरिकेत बलात्काराच्या प्रकरणांत घेतलेल्या, पण वर्षानुवर्षे न तपासता पडून राहिलेल्या वैद्यकीय नमुन्यांच्या संचांवरील चाचण्यांनी दुसरा धक्का दिला. एकट्या डेट्रॉइटमध्ये 2009 मध्ये असे 11,000 हून अधिक संच सापडले, आणि क्लीव्हलँडमधील संशोधनात एकच गुन्हेगार कधी अनोळखी तर कधी परिचित स्त्रीवर, वेगवेगळ्या पद्धतींनी अत्याचार करतो असे दिसले. पद्धतीतील साम्यावर विसंबणारी जोडणी अशा गुन्ह्यांपर्यंत पोहोचतच नाही.

फिर्याद न झालेला गुन्हा नकाशावर येत नाही, ही आणखी मोठी मर्यादा होय. मुंबईत ऑगस्ट 2013 मध्ये शक्ती मिलच्या आवारातील सामूहिक बलात्काराची बातमी पसरल्यावर, जुलैअखेर तेथेच अत्याचार झालेली दुसरी तरुणी तक्रार देण्यास पुढे आली आणि काही आरोपी दोन्ही प्रकरणांत असल्याचे उघड झाले. भारतात लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सप्टेंबर 2018 मध्ये सुरू झाली. पण तीतही दोषी ठरलेल्यांचीच नावे, छायाचित्रे, पत्ते आणि बोटांचे ठसे असतात व ती केवळ तपास यंत्रणांनाच पाहता येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांनुसार देशातील बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, आणि अशा प्रकरणांत भौगोलिक प्रोफाइलिंगला काही काम उरत नाही.