वऱ्हाडची अमानत आणि न मिळालेला हिशेब

दरवर्षी मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येतो आणि आमच्या वरवट बकालमध्येही तोच प्रश्न निघतो : विदर्भाच्या वाट्याला काय आले? सत्ताधारी आकडे वाढवून सांगतात, विरोधक कमी करून सांगतात. हा वाद आजचा नाही. वऱ्हाडात तो पावणेदोनशे वर्षे चालू आहे, आणि त्याची सुरुवात समजल्याशिवाय आजचे भांडण नीट कळत नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून आधी शब्दांकडे लक्ष जाते. जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, हिशेब हे सगळे शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्या दोन्ही भाषांत आले. वऱ्हाडच्या इतिहासात याच घराण्यातला आणखी एक शब्द महत्त्वाचा आहे : अमानत.

१८५३ पूर्वी वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते. हैदराबादच्या तिजोरीवर सर्वांत मोठा बोजा होता तो 'हैदराबाद कंटिंजंट' या फौजेचा. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, पगार मात्र निजामाने द्यायचा. तो देण्यासाठी दिवाण राजा चंदूलाल यांच्या काळात भरमसाट कर्ज झाले. आधी पामर आणि कंपनी या पेढीचे, पुढे पेस्तनजी विकाजी या पारशी सावकारांचे. वऱ्हाडचा वसूल सावकाराकडे तारण पडला. ज्याच्याकडे मक्ता, तो रयतेला पिळणार, हे ओघानेच आले.

शेवटी थकबाकीचे कारण पुढे करून लॉर्ड डलहौसीने २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब ताब्यात घेतले. तहात एक अट होती : फौजेचा आणि कारभाराचा खर्च भागवून जे उरेल ते निजामाला द्यायचे आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याचे बक्षीस म्हणून १८६० मध्ये नवा तह झाला. सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले, 'अमानत' म्हणून. आणि या तहात हिशेब देण्याची अट काढून टाकली गेली.

इथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. अमानत म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. दुसऱ्याची वस्तू सांभाळायची आणि विचारल्यावर तिचा हिशेब द्यायचा. ज्या अमानतीचा हिशेब मागता येत नाही, ती अमानत फक्त नावाची.

पुढचा काळ वऱ्हाडी कापसाच्या भरभराटीचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे भाव चढले, रेल्वे आली, १८७० मध्ये खामगावच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन करायला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. उत्पन्न वाढले तसा कारभाराचा खर्चही वाढत गेला, आणि निजामाकडे जाणारी शिल्लक तुटपुंजी राहिली. दिवाण सालारजंग यांनी फौजेच्या खर्चाची हमी म्हणून रोख रक्कम ठेवण्याची तयारी दाखवली, १८७६ मध्ये ते इंग्लंडलाही जाऊन आले. वऱ्हाड परत मिळाले नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने मीर महबूब अली खान यांच्याशी करार करून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, वर्षाला २५ लाख रुपयांवर. पुढच्याच वर्षी ते मध्य प्रांताला जोडले गेले. मग वऱ्हाडातले पुढारी म्हणू लागले की पैसा इथला आणि खर्च नागपूर-जबलपूरकडे.

आपल्यातले काही जण ही गोष्ट निजामावरच्या अन्यायाची म्हणून सांगतात, तर काही जण निजामाच्या जुलमाची म्हणून. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. कर्ज काढणारा दिवाण हिंदू, राजा मुसलमान, सावकार पारशी, घेणारा इंग्रज. सारा भरणारा कुणबी, माळी, आणि आपलाही शेतकरी. हैदराबादने कलकत्त्याकडे हिशेब मागितला. पण वऱ्हाडच्या शेतकऱ्याने हैदराबादकडे हिशेब मागावा, अशी सोय निजामाच्या राज्यातही नव्हती. या प्रश्नाला धर्माचा रंग दिला की मूळ मुद्दाच हातातून सुटतो.

स्वातंत्र्यानंतर ही सोय कागदावर झाली. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने मान्य केले की विभागांवरचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात होईल, मराठवाड्याकडे खास लक्ष दिले जाईल आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे येईल. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये विकास मंडळांची तरतूद झाली. तरी १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तिने राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा काढला, त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के. मंडळे प्रत्यक्षात आली ती १९९४ मध्ये, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली.

निधी किती मिळाला यावर आपण तावातावाने बोलतो, पण घोषणा झालेल्या रकमेपैकी खर्च किती झाली, हे विचारणारे थोडे. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. पाणी आहे, पण खारे. इथे सिंचनाचा एक रुपया न खर्चता परत गेला तर तो कोणाच्या तरी शेतातून जातो.

१८६० मध्ये हिशेब मागण्याचा हक्क एका तहाने काढून घेतला होता. आज तो हक्क आपल्याकडे आहे. कर ही आपण सरकारकडे ठेवलेली अमानत आहे. आमदाराला, जिल्हा परिषद सदस्याला, ग्रामसभेत सरपंचाला जमा आणि खर्च दोन्ही विचारा. माफीची किंवा मेहेरबानीची भाषा नको, हिशेबाची भाषा बोलूया.