रांजणाच्या काठावरचा पाहुणा

बुलढाण्याच्या पठाराखाली, घाटाच्या पायथ्याशी रोहिणखेड वसले आहे. आज मोताळा तालुक्यातले एक गाव एवढीच त्याची ओळख असली, तरी वऱ्हाडच्या इतिहासात हे नाव दोनदा ठळकपणे येते. १४३७ साली खानदेशचा सुलतान नासिरखान फारुकी आणि बहामनी सेनापती मलिक-उत्-तुज्जार यांची लढाई इथे झाली. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या गादीसाठी याच गावापाशी पुन्हा तलवारी निघाल्या. खानदेश आणि दख्खन यांना जोडणारी ही वाट. त्यामुळे सैन्ये येत, लढत आणि निघून जात.

आज ज्या आक्रमकाविषयी बोलायचे आहे, तो मात्र आला आणि इथलाच होऊन राहिला. त्याच्यासाठी कुणी वेशीचे दरवाजे लावले नाहीत. त्याचा मुक्काम आपल्या न्हाणीत, ओसरीवर, गोठ्याजवळच्या टाक्यात. एडिस इजिप्ती असे त्याचे शास्त्रीय नाव. अंगाने काळा, पायांवर पांढरे पट्टे आणि भर दिवसा चावणारा हा डास. डेंग्यू आणि चिकुनगुन्या हे दोन्ही ताप मुख्यत्वे तोच पसरवतो.

श्रोतेहो, डास म्हटले की आपल्याला गटार आठवते. पण गटारात वाढतो तो डास वेगळा. एडिसला लागते स्वच्छ, साठवलेले पाणी. म्हणजे घरातल्या बाईने लांबून आणून, गाळून, जपून ठेवलेले पाणी. या किड्याचा इतिहास कळला नाही तर त्याच्याशी लढायचे कसे, हेही कळत नाही.

हा डास मूळचा भारतातला नाही. नावात इजिप्त असले तरी त्याचे मूळ घर आफ्रिकेतल्या जंगलात. तिथे तो झाडांच्या ढोलीत साचलेल्या पावसाच्या पाण्यात वाढे आणि जनावरांचे रक्त पिई. मग तो माणसाच्या घरात का शिरला? अलीकडे, २०२० साली, आफ्रिकेतल्या निरनिराळ्या ठिकाणच्या डासांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की जिथे उन्हाळा लांब आणि कडक, तिथल्या डासांना माणसाच्या अंगाचा वास अधिक ओढतो. यामागचा तर्क सरळ आहे. रखरखीत मुलखात झाडाच्या ढोली आटतात आणि पाणी उरते ते फक्त माणसाच्या मडक्यात. मडक्याजवळ राहायचे, तर माणसाच्या रक्तावर जगणे आलेच. सहाराचा प्रदेश कोरडा पडत गेला त्या काळात, सुमारे ५ हजार वर्षांपूर्वी, हा बदल घडला असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. थोडक्यात, या डासाला माणसाळवले ते दुष्काळाने.

तिथून तो जहाजांवर चढला. गुलामांच्या व्यापाराची जहाजे आफ्रिकेतून अमेरिकेला जात, तेव्हा त्यांच्यावर पिण्याच्या पाण्याची पिंपे असत. त्या पिंपांतून डास अटलांटिक ओलांडून गेला. पुढे एकोणिसाव्या शतकात आशियातल्या बंदरांत त्याने जम बसवला. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर पूर्वेकडची जहाजवाहतूक वाढली, ती त्याच्या पथ्यावर पडली. बंदरातून आत सरकायला रेल्वे होतीच. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी १८६७ मध्ये नागपूरला पोचली होती. आपले मलकापूर त्याच मार्गावरचे स्टेशन.

या प्रवासात त्याची खरी शिदोरी म्हणजे त्याचे अंडे. मादी पाण्यात अंडी सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या ओलसर भिंतीला ती अंडी चिकटवते. भांडे कोरडे पडले तरी ही अंडी कित्येक महिने तग धरतात. पाणी वर चढून अंड्यांना लागले, की अळ्या बाहेर पडतात. म्हणून नुसते पाणी ओतून दिले आणि भांडे पुन्हा भरले, तर आपण त्या अंड्यांना हवे तेच करतो.

आता चिकुनगुन्याची गोष्ट. आफ्रिकेतल्या टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियात, माकोंडे नावाचे पठार आहे. १९५२ साली तिथे एका विचित्र तापाची साथ आली. सांधे असे धरत, की माणूस वाकून जाई. माकोंडे भाषेत अशा वाकण्याला जो शब्द आहे, त्यावरूनच चिकुनगुन्या हे नाव पडले. ते पठार पाण्याला महाग होते. लोक पाणी लांबून आणत आणि झोपड्यांत साठवून ठेवत. त्या साठ्यातच डास वाढत होता.

आपल्याकडे हा ताप १९६३ साली कलकत्त्यात ओळखला गेला, १९६४ मध्ये मद्रासकडे दिसला आणि १९६५ मध्ये आपल्या नागपुरात आला. मग १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत मोठी साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तिचा अभ्यास केला. गावातल्या शंभरांतल्या सदतीस-अडतीस माणसांना ताप येऊन गेल्याचे आढळले. साल पुन्हा एकदा ध्यानात घ्या, १९७३. महाराष्ट्राच्या आठवणीतला बहात्तरचा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. पाण्यासाठी जी वणवण झाली, तिने घराघरांतली साठवणीची भांडी वाढली असणारच. माकोंडेच्या पठारावर जे झाले, त्याचेच हे मराठी रूप होते असे मला वाटते.

बार्शीनंतर हा ताप नाहीसा झाला. एक-दोन नव्हे, तब्बल ३२ वर्षे. लोक त्याचे नावही विसरले. पण गेला होता तो विषाणू. डास कुठेही गेला नव्हता. उलट या काळात त्याचे राज्य वाढले. गावागावांत नळ आले, पण नळाला रोज पाणी आले नाही. प्लॅस्टिकची टिपाडे आली, सिमेंटचे हौद आले, जुने टायर आले, आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात घरोघरी कूलर आले. १९९६ साली दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली, ती या वाढलेल्या राज्याची पहिली मोठी खूण होती.

२००५ च्या अखेरीस चिकुनगुन्याचा विषाणू आंध्र आणि कर्नाटकात पुन्हा दिसला. या वेळी तो आफ्रिकेतल्या दुसऱ्या घराण्यातला होता. त्याला मुक्कामाची जागा शोधावी लागली नाही. वाहक घरोघरी तयारच होता. २००६ मध्ये मालेगावपासून मराठवाड्यापर्यंत माणसे भिंतीला धरून चालू लागली. त्या एका वर्षात देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्रातला आकडा अडीच लाखांवर होता. ऐन पेरणीच्या आणि निंदणीच्या दिवसांत मूठ वळत नाही, खुरपे धरवत नाही, म्हणजे मजुरी बुडाली. महिनोन्‌महिने सांधे धरलेल्या माणसाचे नुकसान कोणत्या आकड्यात मांडायचे?

त्या वर्षी आणखी एक गंमत झाली, तिला गंमत म्हणायचे तर. फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्यांचा बर्ड फ्लू निघाला होता. त्यात या तापाचे नाव कानाला ‘चिकनगुनिया’ असे लागले. अनेकांनी कोंबडी खाणे सोडले आणि निर्धास्त झाले. इकडे न्हाणीतल्या हौदात अळ्या वळवळतच होत्या. शत्रूचे नाव चुकले, की लढाई भलत्याच रानात होते.

मग या शत्रूशी लढता येते का? येते. जगात ती लढाई एकदा जवळजवळ जिंकली गेली आहे. क्यूबातले डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये सांगितले, की पिवळा ताप हाच डास पसरवतो. त्यांच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या पथकाने ते सिद्ध केले आणि लगेच गॉर्गस या अधिकाऱ्याने हवाना शहरात घर न् घर तपासायला घेतले. पाण्याची पिंपे झाकायला लावली, उघडी ठेवणाऱ्यांना दंड केला. काही महिन्यांत शहरातला पिवळा ताप हटला. पुढे ब्राझीलमध्ये असेच काम इतक्या नेटाने झाले, की १९५८ साली तो देश या डासापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

पण तिथेच धडा आहे. रोग दिसेनासा झाला, तशी तपासणी सैल पडली, पैसा दुसरीकडे वळला. शेजारच्या देशांतून डास परत आला. २०२४ मध्ये त्याच ब्राझीलमध्ये डेंग्यूचे ६० लाखांहून अधिक संभाव्य रुग्ण नोंदले गेले. बार्शीनंतर आपणही तेच केले, फक्त जिंकण्याआधीच केले.

आता आपल्या अंगणात येऊ. अंड्यातून अळी, अळीतून कोष, कोषातून डास, या साऱ्याला आपल्याकडच्या उन्हात सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून आरोग्य खाते सांगते, आठवड्यातला एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळा. सांगणे अगदी शास्त्रशुद्ध आहे. पण आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणे ही काही नवी गोष्ट नाही. म्हणजे नळाचा फेरा आणि डासाचा फेरा बरोबर जुळतो. सातव्या दिवशी टिपाड रिकामे करा म्हटले, तर ती बाई विचारणारच, उद्या पाणी कुठून आणू? तिला अडाणी म्हणण्याचा हक्क रोज नळ येणाऱ्या कुणालाही नाही.

जुन्या घरांत रांजण होता. तो सुद्धा डासाला चालत होताच. पण पाणी तळाला गेले की घरातल्या बाया तो आतून राखेने, काथ्याने घासून उन्हात पालथा घालत. डासाचे अंडे कुणाला ठाऊक नव्हते. शेवाळ आणि बुळबुळीतपणा जावा एवढाच हेतू. तरी भिंतीची अंडी त्या घासण्यात जात. आताचे दोनशे लिटरचे टिपाड एकट्या बाईला पालथे घालवत नाही आणि सिमेंटचा हौद तर कुणालाच नाही. पाण्याचा साठा वाढला तसे घासणे अवघड झाले. डासाला नेमके हेच मानवले.

म्हणून उपाय त्या साठ्याच्या मापानेच करायला हवेत. पाणी येणार त्याच्या आदल्या दिवशी टिपाड तळाला आलेले असते. तोच आपला कोरडा दिवस. उरलेले पाणी जुन्या धोतराच्या दुहेरी कपड्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यावे आणि आतली भिंत, विशेषतः पाण्याची रेघ उमटते ती जागा, खराट्याने किंवा काथ्याने खरवडून घासावी. भरल्यावर तोंडावर कापड दोरीने घट्ट बांधावे. नुसते झाकण टेकवले तर फटीतून मादी आत जाते. जनावरांच्या टाक्यात आणि न वापरत्या विहिरीत गप्पी मासे सोडता येतात. आरोग्य केंद्राकडून ते मिळतात. मोठा हौद रिकामा होणारच नसेल, तर त्यात अळीनाशक औषध आरोग्य कर्मचाऱ्याच्या हातून टाकून घ्यावे. जूनमध्ये कूलर उतरवला, की त्याची टाकी घासून पुसून कोरडी करावी आणि गवताच्या ताट्या काढून टाकाव्यात. नाहीतर पहिल्या पावसात अंगणातला तो कूलर डासांचा पाळणा होतो. छपरावरचे टायर, नारळाच्या करवंट्या, फुटके डबे यांचीही गत तीच.

साथ आली की गावात धुराची गाडी फिरते. लोकांना समाधान वाटते. तो धूर उडत्या डासांना मारतो. भिंतीची अंडी आणि पाण्यातल्या अळ्या जशाच्या तशा राहतात. आठवड्याने नवी पिढी उडते.

आणखी एक. हा डास लांब उडणारा नाही. शे-दोनशे मीटर एवढाच त्याचा फेरा. म्हणजे आपल्याला चावलेला डास बहुधा आपल्याच घरातला, नाहीतर शेजारच्या दोन-चार घरांतला असतो. एका घराने कितीही घासले आणि शेजारचा हौद उघडा राहिला, तर सारे फुकट. म्हणून ही लढाई घराची नाही, गल्लीची आहे. ज्या दिवशी नळाला पाणी, त्याच्या आदल्या दिवशी साऱ्या गल्लीने भांडी घासायची, एवढे ठरले तरी पुष्कळ साधेल. आणि टिपाड पालथे घालायला पुरुषांनी हात लावला तर कोरडा दिवस खरोखर कोरडा होईल.

तरी एक गोष्ट गावाच्या हातात पूर्णपणे नाही. नळाला रोज पाणी आले, तर साठवण आपोआप कमी होते. पाणीपुरवठ्याची योजना हीसुद्धा डासाविरुद्धची योजना आहे, असे ग्रामसभेत बोलले गेले पाहिजे. डेंग्यू-चिकुनगुन्याच्या विषाणूवर नेमके लागू पडेल असे औषध आजही नाही. दुष्काळाने हा डास माणसाच्या घरात आणला. पाणी नियमित मिळेपर्यंत तो जाणार नाही आणि तोवर त्याला रोखायचे साधन एकच, भांड्याच्या आतल्या भिंतीवरून फिरणारा आपला हात.