बाण कोण सोडतं? हेरिगेल आणि आवा यांची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर काही जणांनी विचारलं, युद्धकला शिकताना आधी शरीर घडवायचं की मन? सरळ उत्तर देण्यापेक्षा आम्ही एक गोष्ट सांगतो. तीत आमचीही एक चूक आहे, ती ओघात येईलच.

ऑयगेन हेरिगेल हे कांटच्या परंपरेत वाढलेले जर्मन तत्त्वज्ञ. १९२४ साली ते जपानमध्ये सेंदाईच्या विद्यापीठात शिकवायला गेले आणि १९२९ पर्यंत तिथे राहिले. झेन समजून घ्यायची त्यांना ओढ होती. बंदूक-पिस्तुलाचा सराव होता, तेव्हा धनुष्य जमेल असं त्यांना वाटलं. गुरू मिळाले आवा केन्झो. पुढे १९४८ मध्ये हेरिगेलनी या शिक्षणावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि ते जगभर गेलं. जपानी युद्धकलांमागची ‘वृत्ती’ म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेक जण त्याच पुस्तकातून शिकले.

आता शिक्षणाचा क्रम बघा. सुरुवातीला लक्ष्य नाहीच. जेमतेम काही हातांवर पेंढ्यांचा गठ्ठा, त्यावर बाण मारायचा. आधी फक्त धनुष्य ओढायचं, तेही खांदे-दंड सैल ठेवून. ते जमेना, तेव्हा गुरूंनी श्वास शिकवला. मग बाण सोडणं आलं आणि तिथे गाडी वर्षानुवर्षं अडली. जपानी पद्धतीत दोरी अंगठ्यात अडकवतात आणि बाकीची बोटं त्या अंगठ्यावर आवळतात. बोटं मुद्दाम उघडली की हाताला हिसका बसतो आणि बाण थरथरतो. गुरू म्हणत, तुम्ही सोडू नका, सुटू द्या. आपण लहानपणी पोपटाच्या डोळ्याची गोष्ट ऐकलेली माणसं. अर्जुनाला फक्त डोळा दिसत होता. इथे गुरू म्हणतात, नेम धरूच नका!

एका सुट्टीत समुद्रकाठी हेरिगेलना युक्ती सापडली. बोटांचा दाब हळूहळू, अगदी कळत-नकळत कमी करत गेलं की दोरी आपोआप सुटल्यासारखी सुटते. तत्त्वज्ञ खूश! परत येऊन पहिलाच बाण मारला. गुरूंनी आणखी एक मारायला सांगितला. मग काही न बोलता त्यांच्या हातातून धनुष्य काढून घेतलं आणि पाठ फिरवून बसले. शिकवणंच बंद. दुभाष्याचं काम करणाऱ्या मित्राने, कोमाचियांनी, मध्यस्थी केली तेव्हा कुठे दार पुन्हा उघडलं. आम्हाला विचाराल तर पुस्तकातला सगळ्यात खरा प्रसंग हाच. बाण नीट गेला होता, तरी क्रमातली एक पायरी चोरली होती, आणि ते गुरूला बोटांवरून कळलं. वृत्ती ही काही वेगळी वस्तू नाही हो, ती त्या अंगठ्यापाशीच असते.

पण वर्गात आम्ही वर्षानुवर्षं रंगवून सांगत होतो तो प्रसंग दुसराच. रात्रीचा अंधार, लक्ष्यासमोर एक बारीकशी उदबत्ती. गुरूंचा पहिला बाण मध्यभागी आणि दुसऱ्याने पहिल्याची काडी चिरलेली. बाण ‘मी’ नाही, ‘ते’ सोडतं, अशी शिकवण. मुलं अवाक् होत आणि आम्हीही सुखावत असू.

२००१ साली यामादा शोजी यांचा अभ्यास इंग्रजीत आला. तो वाचून आम्ही बरेच दिवस अस्वस्थ होतो. आवा झेनचे साधक नव्हतेच. धनुर्विद्येतून त्यांनी स्वतःचाच पंथ उभा केला होता. हेरिगेलना जपानी फारसं येत नव्हतं. गुरू आधीच्या बोलण्याच्या उलट काही बोलले तर आपण भाषांतर न करता गप्प राहत असू, हे कोमाचियांनीच पुढे लिहून ठेवलं. आणि त्या रात्री तर दुभाषी हजरच नव्हता. यामादांची शंका अशी, की गुरू नुसतं ‘हां, हेच ते!’ म्हणाले असतील आणि त्याचं ‘ते सोडतं’ झालं असेल. शिकलो सुमारे सहा वर्षं, असं हेरिगेल लिहितात. मुक्काम जेमतेम पाच वर्षांचा. ही वजाबाकी आमच्याही हाताशी होती. केली नाही.

आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. ‘मी’पण गळून पडण्याविषयी लिहिणारा हा माणूस १९३७ साली नाझी पक्षाचा सभासद झाला आणि युद्धाच्या अखेरीस एर्लांगेन विद्यापीठाचा प्रमुख होता. आम्ही हे वर्गात कधी सांगितलं नाही. आधी माहीत नव्हतं म्हणून, आणि कळल्यावर गोष्टीचा रंग जाईल म्हणून. दुसऱ्या कारणाची आम्हाला आज जास्त लाज वाटते.

मग पुस्तक टाकून द्यायचं का? आम्ही अजून वाचायला सांगतो, पण पेंढ्यांच्या गठ्ठ्याची पानं आधी. राहिले ते अंधारातले दोन बाण. पुढे एका शिष्याने आवांना त्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, तो निव्वळ योगायोग होता. असलं काही दाखवायचं त्यांच्या मनातही नव्हतं.